तेप्पानयाकी: जाड पोलादावरचा खरपूसपणा

जपानमधल्या कोबे शहरात १९४५ साली ‘मिसोनो’ हे हॉटेल सुरू झालं. तिथे गिऱ्हाइकासमोरच लोखंडी पत्र्यावर मांस भाजून वाढू लागले. तेप्पानयाकीची सुरुवात इथूनच झाली, असं मानतात. १९६४ मध्ये रॉकी आओकी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बेनिहाना’ काढलं आणि उलथणी उडवणं, कांद्याच्या चकत्यांचा ज्वालामुखी पेटवणं असला खेळ त्यात शिरला. मुलांना तो आवडतो. मला मात्र त्याहून मजेशीर वाटतो तो खालचा पत्रा.

पत्रा म्हणायचं एवढंच. त्याची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. इतकं पोलाद कशाला? त्यावर मुगाचे मोड परततात (हो, आपलेच मूग, जपानी लोक लांब शेपट्यांचे मोड आवडीने खातात), तेव्हा काय होतं ते पाहा. मोड गरम झाले की पाणी सोडतात. समजा, २०० अंश सेल्सिअस तापलेल्या, वीतभर लांब-रुंद भागावर १० ग्रॅम पाण्याची वाफ झाली. खालची आच क्षणभर विसरू. वाफ व्हायला लागणारी उष्णता एकट्या धातूतून आली, तर दोन मिलिमीटर जाडीचा घरगुती तवा जवळजवळ ८० अंशांनी थंड होईल, म्हणजे १२० वर येईल. दोन सेंटिमीटर जाड पोलाद जेमतेम ८ अंशांनी उतरेल.

खरपूसपणाचं सगळं गणित या फरकात आहे. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते आणि तपकिरी रंग, भाजल्याचा वास त्यातूनच येतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. तवा १२० वर घसरला की मोड परतले जात नाहीत, स्वतःच्याच पाण्यात शिजतात. घरी एकदम भाजी ओतली की ती गिचका होते, ती यामुळेच.

आता पोलादाचा ‘दोष’. तांबं साध्या पोलादाच्या सात-आठ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पण इथे मंदपणाच हवा असतो. आच मधोमध असली की मध्य रणरणता राहतो आणि कडा बऱ्याच कमी तापतात. आचारी लसणाच्या चकत्या कमी आचेच्या जागी तेलात सावकाश तळतो, कारण जळला की लसूण कडू होतो. मांस मध्यावर टाकतो, बाजू लालसर झाली की कडेला सरकवतो. बटण न फिरवता आच बदलली!

मांसावर कडक थर आला की आतला रस कोंडला जातो, अशी समजूत आहे. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ती पसरवली. ती खोटी आहे आणि पुरावा कानांनाच मिळतो. थर आल्यावरही चरचर चालूच असते. रस बाहेर येऊन त्याची वाफ होते, तो हा आवाज. थर चवीसाठी हवा, बांध म्हणून त्याचा उपयोग नाही.

कोबेच्या गोमांसाची ख्याती त्यातल्या चरबीच्या बारीक जाळीमुळे आहे. त्या चरबीत ओलेइक आम्ल भरपूर असतं. तेच शेंगदाणा तेलातही असतं. त्यामुळे ती इतर गोमांसाच्या चरबीपेक्षा कमी तापमानाला वितळते आणि पत्र्यावर तेलही फारसं घालावं लागत नाही. मांस खात नसाल तर तोफू आणि शिताके अळंबीवरही हीच करामत बघता येते.

शेवटी येतो लसणाचा भात. आधी शिजवून गार केलेला भात मध्यावर पसरतात. गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट झालेला असतो, त्यामुळे शितं मोकळी राहतात. लसणाचा वास उतरलेली चरबी भातात मुरते, थोडा सोया सॉस कडेने पडतो आणि त्यातल्या शर्करा व अमिनो आम्लांमुळे मायारची अभिक्रिया पुन्हा सुरू होते. इथवर येईतो पोट भरलेलं असतं, तरी हा भात सोडू नये.