तीनच्या पटीला टाळी : शरीर आणि बुद्धी एकत्र राबवणाऱ्या व्यायामामागचा इतिहास

जपानच्या आइची प्रांतातल्या ओबू शहरात वार्धक्यावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. ज्येष्ठांसाठी 'कॉग्निसाइज' हा व्यायामप्रकार तिथेच तयार झाला. त्यातला एक नेहमीचा प्रकार असा. पाय जुळवून उभे राहायचे. उजवा पाय बाजूला टाकताना मोठ्याने 'एक' म्हणायचे, परत आणताना 'दोन', डावा बाजूला टाकताना 'तीन', परत आणताना 'चार'. असेच पुढे मोजत जायचे आणि तीनच्या प्रत्येक पटीला टाळी वाजवायची.

ऐकायला सोपे वाटते, पण पावलांचा फेरा चारचा आणि टाळी तीनची. त्यामुळे ३ ला डावा पाय बाहेर असताना टाळी येते, ६ ला उजवा आत येताना, ९ ला उजवा बाहेर जाताना आणि १२ ला डावा आत येताना. टाळी दर वेळी जागा बदलते, म्हणून लक्ष ठेवावेच लागते. तीच टाळी चारच्या पटीला ठेवली, तर ती कायम डावा पाय आत येतानाच पडते आणि दोन मिनिटांत डोक्याला काही कामच उरत नाही. या व्यायामाचे मर्म या एवढ्याशा हिशेबात आहे. त्यामागे मात्र अर्धशतकाचे संशोधन आहे.

सुरुवात उंदरांपासून झाली. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मॅरियन डायमंड, मार्क रोझेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर खेळणी, शिड्या आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढवले, तर काही एकेकटे, रिकाम्या पिंजऱ्यात. पहिल्या गटातल्या उंदरांच्या मेंदूची बाह्यपटले जास्त जाड निघाली. पण फायदा कशाचा? नव्या वस्तू हाताळण्याचा, की त्या पिंजऱ्यात होणाऱ्या धावपळीचा? हा गुंता बरीच वर्षे तसाच राहिला.

तो सोडवायला १९९९ साल उजाडले. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत हेन्रिएट व्हॅन प्राग, गेर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांनी उंदरांचे वेगवेगळे गट केले. नुसते चाकावर धावणाऱ्या उंदरांतही, स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात, टिकून राहिलेल्या नव्या पेशी दुप्पट आढळल्या. पुढच्या प्रयोगांतून कामाची वाटणी दिसू लागली : धावण्याने नव्या पेशी अधिक जन्मतात, आणि शिकण्यासारखे काही समोर असेल तर त्यातल्या अधिक जगतात. २००९ मध्ये केम्परमान यांच्या गटाने दोन्ही जोडून पाहिले. आधी १० दिवस धावणे, मग ३५ दिवस खेळणी-शिड्यांचा 'समृद्ध' पिंजरा. नव्या चेतापेशींची वाढ एकेकट्या उपायापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरली. माणसाच्या मेंदूत उतारवयात अशा पेशी किती तयार होतात, यावर मात्र अजून वाद आहे. २०१८ मध्ये दोन गटांनी नेमके उलट निष्कर्ष छापले. म्हणून उंदरांचे आकडे जसेच्या तसे आजी-आजोबांना लावू नयेत.

माणसांवरचे काम समांतर चालूच होते. जर्मनीत एर्लांगेनला वोल्फ ओसवाल्ड यांनी १९९१ मध्ये ७५ ते ९३ वयाच्या ३७५ जणांचा अभ्यास सुरू केला. त्यात स्मृतीचा सराव आणि शारीरिक हालचाली या दोन्ही करणाऱ्या गटाची स्थिती पुढे सर्वांत चांगली राहिली. अमेरिकेत २०११ मध्ये १२० ज्येष्ठांच्या चाचणीत आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला, तर नुसते स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांचा घटला. चालणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी ४० मिनिटे गाठली नव्हती. सुरुवात १० मिनिटांची होती, दर आठवड्याला ५ मिनिटांची भर पडत गेली.

मग २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीने सगळ्यांना थबकवले. १२६ जण, १२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस एक तास व्यायाम आणि एक तास बौद्धिक काम. तुलनेचे गट स्नायू ताणण्याचे व्यायाम करत होते आणि माहितीपर चित्रफिती पाहत होते. सुधारणा सगळ्याच गटांत झाली, गटागटांत ठोस फरक पडला नाही. आमच्या मते ही चाचणी फसली नाही. घरी बसून असलेल्या माणसाला नियमित काहीतरी करायला लावले की फायदा होतोच, एवढे तिने दाखवले. त्यापुढे जाऊन व्यायाम आणि बौद्धिक काम यांच्या जोडीचे श्रेय सिद्ध करायचे तर तुलनेचा गट काय करतो, हे नीट पाहावे लागते.

दोन्ही कामे एकाच वेळी करण्याची कल्पना वृद्ध माणसे तोल जाऊन का पडतात, याच्या अभ्यासातून बळावली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात ५८ वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. बोलण्यासाठी १२ जण थांबले. त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. वयानुसार चालण्यालाही लक्ष लागू लागते आणि बोलणे त्याच लक्षात वाटा मागते. कॉग्निसाइज नेमका हाच वाटा सांभाळायचा सराव देते.

ओबूच्या केंद्राची २०१३ ची चाचणी सौम्य बौद्धिक घट असलेल्या १०० जणांवर होती. सहा महिने, ९० मिनिटांची सत्रे. संपूर्ण गटात स्पष्ट फरक दिसला नाही. विसराळूपणा हे मुख्य लक्षण असलेल्या ५० जणांत मात्र व्यायाम करणाऱ्यांची स्मृती सावरलेली दिसली. २०२३ मध्ये कॅनडातल्या १७५ जणांच्या चाचणीतही २० आठवड्यांचा व्यायाम आणि संगणकावरचा बौद्धिक सराव जोडल्यावर बोधक्षमता सुधारलेली दिसली.

घरी करताना बहुतेकांचे दोन ठिकाणी बिघडते. आकड्यांकडे लक्ष गेले की पावले मंदावतात. मग दम लागत नाही आणि व्यायाम नावापुरता उरतो. थोडा दम लागावा, पण बोलता यावे, इतका वेग हवा. दुसरे म्हणजे आठवडाभराने टाळी पाठ होते. एकही चूक होईनाशी झाली की प्रकार बदलायचा : पाचच्या किंवा सातच्या पटीला टाळी, तीनच्या पटीला आकडा गाळून नुसती टाळी, किंवा शंभरातून तीन-तीन वजा करत पावले. जपानी मंडळी चालताना शिरितोरी (आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगण्याचा खेळ) खेळतात, आपल्याकडे शब्दांच्या भेंड्या तेच काम करतात. तोल जात असेल, तर आधी खुर्चीत बसून पाय टाकावेत, नंतर खुर्चीची पाठ धरून. सपाता काढून ठेवाव्यात आणि गुडघेदुखी असेल तर पाऊल आखूड घ्यावे.