शितावरून भात, प्लॉटवरून पीक

पातेल्यातलं एक शीत काढून चिमटीत दाबायचं. कणी लागली नाही, की भात झाला. पतंजलीच्या महाभाष्यातही हा दाखला आहे: पातेल्यातल्या भाताची कल्पना यायला एक शीत पुरतं. पण ते पुरतं कशामुळे? सगळ्या तांदळाला पाणी एक आणि आच एक, म्हणून. शेताचं तसं नसतं. विहिरीलगतचा वाफा वेगळा, मुरमाड पट्टा वेगळा, बांधाकडेचं पीक वेगळं.

तरीही पिढ्यान्‌पिढ्या पीक नजरेनंच ठरत आलं. सोळा आण्यांपैकी यंदा किती आणे पिकलं, हा अंदाज म्हणजे आणेवारी. 1918 साली मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात यावरूनच सत्याग्रह झाला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर शेतसारा तहकूब व्हायचा. शेतकरी म्हणत, चार आणेही नाही. अधिकारी म्हणत, त्याहून जास्त आहे. शिवार एकच, पण दोघांचं शीत निराळं.

यातून वाट काढणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे अग्रणी होते. 1940 च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. गाव, शेत आणि शेतातली जागा, तिन्ही यादृच्छिक आकड्यांनी ठरवायच्या. आकडा नेईल तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतलं पीक कापून, मळून, वजन करायचं. चांगला किंवा वाईट कोपरा निवडायला वावच नाही, आणि माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती मला त्याहून मोलाची वाटते. दोरीनं आखलेला हा प्लॉट फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. दोरीवर येणारं पिकाचं ताट, म्हणजे धाट, आत धरायचं की बाहेर, अशा वेळी हात ते आतच ओढतो, आणि प्लॉट जितका लहान तितकी अशी काठावरची ताटं प्रमाणानं जास्त. यावरून त्यांचे दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी जाहीर मतभेद झाले, कारण महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे होते.

आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींसाठी धरलं जातं. पीकविम्यातही महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, मोजक्या प्लॉटचं वजन सगळ्या मंडळाला लागू होतं. ज्याच्या वावरात खुंटी कधी पडलीच नाही, त्याची भरपाईही त्याच वजनावर ठरते. म्हणून दोरी ताणली जाताना गावातल्या चार माणसांनी बांधावर उभं राहायला हवं.