दातांना तारा असताना मैदानावर

दातांना तारा लावलेल्या मुलाने खेळावे की नाही, हा प्रश्न ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याकडे, बहुधा पहिल्याच भेटीत निघतो आणि त्याचे उत्तर नि:संदिग्ध आहे: अवश्य खेळावे. हे उपचार सामान्यतः दीड ते दोन वर्षे चालतात आणि बहुतेकदा ज्या वयात ते सुरू होतात, त्याच वयात मुले सर्वांत जास्त खेळतात. एवढा काळ मैदान बंद ठेवणे शरीराच्या हिताचे नाही आणि दातांसाठी त्याची गरजही नाही. मात्र तारांमुळे तोंडात काय काय बदलते हे समजून न घेता कोणताही माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर चढवायचे लवचिक संरक्षक कवच, आणून मुलाच्या हाती दिला, तर जखम टाळण्याच्या प्रयत्नात उपचारच बिघडण्याची शक्यता असते.

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीतील बारीक तंतूंच्या थराने, म्हणजे परिदंत बंधाने, दात हाडाशी बांधलेला असतो. ब्रॅकेटमधून, म्हणजे प्रत्येक दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यातून, ओवलेली तार दातावर हलका पण सतत दाब देत राहते. ज्या बाजूला हा बंध दाबला जातो तिकडचे हाड ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी झिजवतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिकडे ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर सरकतो. त्यामुळे उपचार चालू असताना दात नेहमीपेक्षा थोडे हलतात, आणि हे काम योग्य दिशेने चालल्याचेच लक्षण आहे.

तारा लावण्यास ज्यांना सांगितले जाते त्यांच्यापैकी अनेकांचे वरचे दात पुढे आलेले असतात, आणि मार लागण्याची शक्यता मुळातच अशा दातांना अधिक असते. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असलेल्या मुलांमध्ये दातांना इजा होण्याचा धोका इतर मुलांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो, असे निरनिराळ्या पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. म्हणजे धोका तारांमुळे सुरू होत नाही, तो आधीपासून असतो; तारा त्याचे स्वरूप बदलतात. हा फरक पालकांना आवर्जून समजावून सांगितला पाहिजे, कारण तारा काढून टाकल्या की मुलगा सुरक्षित झाला, असा समज त्यांच्यात नेहमी आढळतो.

स्वरूप बदलते ते मुख्यतः ओठ आणि गाल यांच्या बाबतीत. तारा नसताना तोंडावर कोपर किंवा चेंडू आदळला, तर ओठ दातांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चेपला जातो. तारा असताना तोच ओठ ब्रॅकेटच्या बारीक पंखांवर, रबर अडकवण्याच्या हुकांवर आणि शेवटच्या दाढेमागे राहिलेल्या तारेच्या टोकावर दाबला जातो. आघाताचे बल तेवढेच असले, तरी ज्या क्षेत्रफळावर ते पडते ते फार लहान असल्याने तेथील दाब कित्येक पटींनी वाढतो आणि आतली नाजूक त्वचा सहज कापली जाते. अशी जखम तपासताना ओठ उलटा करून पाहिला, तर एका ओळीत, दातागणिक एक, असे छोटे ओरखडे दिसतात. कधी ओठ हुकात अडकून बसलेला असतो आणि तो ओढून न काढता हलक्या हाताने सोडवावा लागतो. ब्रॅकेट तुटून तोंडात सापडला नाही आणि मुलाला खोकला किंवा धाप लागली, तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

या सगळ्यावरचा उपाय माउथगार्ड हाच आहे. तोंडाला मार लागण्याचा धोका माउथगार्ड न घालणाऱ्या खेळाडूंमध्ये घालणाऱ्यांपेक्षा सुमारे १.६ ते १.९ पट असतो, असे निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे. न्यूझीलंडमध्ये रग्बीपटूंना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माउथगार्डची सक्ती करण्यात आली. १९९३ साली ६७ टक्के खेळाडू तो वापरत असल्याचे सांगत होते, २००३ साली हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले, आणि १९९५ ते २००३ या काळात रग्बीतील दातांच्या इजांसाठीचे विम्याचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा धक्काही टळतो असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्यासाठीचा पुरावा दातांच्या पुराव्याइतका भक्कम नाही. म्हणून त्या भरवशावर कोणी डोके पुढे घालू नये.

बहुतेक माउथगार्ड इथिलिन व्हिनाइल ॲसिटेट या लवचिक प्लास्टिकचे असतात. आघात होताच हे प्लास्टिक दबते, बल शोषून घेते आणि उरलेले बल अनेक दातांवर पसरवते. त्यासाठी ते दातांना घट्ट बसायला हवे. तारा असलेल्या तोंडात अडचण येते ती इथेच. घट्ट बसणारा गार्ड दातांना जागच्या जागी धरून ठेवतो आणि तारा तर दातांना हलवू पाहत असतात. आज नेमका बसलेला गार्ड दोन महिन्यांनी दाबू लागतो, कारण दरम्यान दात सरकलेले असतात. आणि असा गार्ड रोज घातला तर तो दातांवर नको त्या दिशेने बल लावतो.

गरम पाण्यात मऊ करून चावून आकार द्यायचा जो माउथगार्ड दुकानात मिळतो, तो तारांवर थेट बसवणे मला सर्वांत चुकीचे वाटते. मऊ झालेले प्लास्टिक ब्रॅकेटच्या पंखांखाली आणि तारेच्या मागे शिरते, तिथेच थंड होऊन घट्ट होते, आणि गार्ड काढताना एखादा ब्रॅकेट सोबत उपटून येतो. तारा असलेल्यांसाठी खास बनवलेल्या गार्डमध्ये ब्रॅकेटसाठी आतून एक खोलगट पन्हळ असते. असे गार्ड पुष्कळदा सिलिकॉनचे असतात, ते उकळावे लागत नाहीत आणि दात सरकले तरी चालतात. दंतवैद्याकडून बनवून घेतलेला गार्ड मात्र अधिक चांगला. त्यासाठी तोंडाचे माप घेऊन साचा तयार करतात, साच्यावरील ब्रॅकेट आणि तारेभोवतीचे खळगे बुजवून घेतात, दात ज्या दिशेने सरकणार आहेत तिकडे थोडी जागा सोडतात आणि मग त्यावर ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा थर चढवतात. खालच्या दातांनाही तारा असतील तर दोन्ही ओळी झाकणारा गार्ड हवा का, हे खेळ पाहून ठरवावे. प्रत्येक भेटीला गार्ड सोबत न्यावा, म्हणजे तो अजून बसतो का हे लगेच पाहता येते. तो थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.

माउथगार्डची मर्यादाही ओळखली पाहिजे. सुमारे १६० ग्रॅम वजनाचा क्रिकेटचा किंवा हॉकीचा कठीण चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने येतो तेव्हा त्यात जवळपास ६२ जूल ऊर्जा असते. काही मिलिमीटर प्लास्टिकने ती पेलणे शक्य नाही. तिथे जाळीचे हेल्मेटच हवे आणि गार्ड त्याच्या जोडीला. काढता येणारी प्लेट, दोन जबड्यांमध्ये अडकवायचे रबर आणि अलाइनर (तारांऐवजी दातांवर चढवायचा पारदर्शक साचा) खेळापूर्वी काढून डबीत ठेवावेत. अलाइनर हा माउथगार्ड नव्हे. तो पातळ आणि कडक असतो. चेहऱ्याबाहेरून बांधायचे हेडगिअर तर खेळताना कधीही लावू नये, कारण ते ओढले जाऊन सुटले तर त्याच्या तारेचे टोक उसळून डोळ्यात जाऊ शकते आणि अशा इजा झालेल्या आहेत.

मार लागण्याशी संबंध नसलेली आणखी एक गोष्ट खेळाडूच्या दातांचे हळूहळू नुकसान करते. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर असते आणि ती आम्लधर्मी असतात. त्यांचा सामू (pH) बहुधा ३ ते ४ च्या दरम्यान असतो, तर दातावरचे कठीण आवरण साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. धावताना तोंडाने श्वास घेतल्यामुळे लाळ आटलेली असते, ब्रॅकेटभोवती जंतूंचा थर साचलेला असतो, आणि अशा वेळी तासभर घोट घोट घेतलेले हे पेय तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरे डाग मागे ठेवते. खेळात पाणी प्यावे.

इतके करूनही दात निखळला, तर वेळ फार थोडा असतो, कारण मुळावरच्या बंधाच्या पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात. दात पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, घाण असल्यास दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावा, शक्य असल्यास लगेच खोबणीत परत बसवून कापड चावून तो जागेवर दाबून धरायला सांगावे. तसे न जमल्यास दुधात बुडवून तडक दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये. तारा असल्या तर निखळलेला दात पुष्कळदा तारेलाच लोंबत राहतो, म्हणजे निदान तो शोधावा लागत नाही. तार ओढून तो मोकळा करण्याचा प्रयत्न करू नये. दात पडला नाही, नुसता हलला किंवा दुखू लागला, तरी ऑर्थोडॉन्टिस्टना सांगितलेच पाहिजे. आघाताने दाताच्या आतील रक्तपुरवठा बिघडला असेल तर ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रंग बदलून आणि एक्स-रेमध्ये दिसून येते, आणि तोपर्यंत त्या दातावरचा तारेचा दाब कमी करायचा की काही महिने पूर्ण थांबवायचा, हे त्यांना मार लागल्याचे माहीत असेल तरच ठरवता येते.