पाच टनांचं स्टेशन

लातूरजवळच्या मुरुडला आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता. हातभर लांबीचा, कडुलिंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला. शिपाईमामा गजानं टोले हाणायचे आणि आवाज पार बाजारापर्यंत जायचा. एका पावसाळ्यात ती फांदी मोडली, तेव्हा मामांनी तो तुकडा एका हातात उचलून ऑफिसात नेऊन ठेवला. पुढं कितीतरी वर्षांनी आजच्या मोठ्या लाईनच्या रुळाचा तेवढाच तुकडा मी उचलायला गेलो, तर जमिनीवरून हलवतानाच दम लागला. दोन्ही रूळच, मग वजनात एवढा फरक कसा? लातूर स्टेशनची सगळी गोष्ट या फरकात आहे.

आमच्या शाळेतला तुकडा 'बार्शी लाईट'चा. कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी लाईन १८९७ साली सुरू झाली. १९०६ मध्ये तिचा एक फाटा वारकऱ्यांना घेऊन पंढरपूरला पोचला. दुसरा फाटा निजामाच्या मुलखात शिरला आणि येडशी, ढोकी, मुरुड करत १९११ मध्ये लातूरला आला. १९२७ मध्ये पंढरपूरकडची बाजू मिरजेला भिडली, तेव्हा एकूण लांबी झाली सुमारे ३२५ किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली.

गाडी लहान म्हणून नाव 'लाईट', असं आम्ही पोरं समजायचो. रेल्वेच्या भाषेत 'लाईट'चा अर्थ वेगळा आणि मोजून ठरवलेला आहे. बैलगाडीला असतो तसा रेल्वेच्या दोन चाकांनाही जोडणारा आस असतो. एका आसावर जास्तीत जास्त किती वजन टाकायचं, यावर लाईन हलकी की भारी हे ठरतं. बार्शी लाईटचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानं हा आकडा ५ टनांवर बांधून टाकला. इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कोणत्याही आसाखाली ५ टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. (याच माणसानं पुढं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं. कमीत कमी वजनात काम भागवायचा ध्यास त्याला तिथंही उपयोगी पडला असणार.)

दोन स्लीपरच्या, म्हणजे रुळाखाली टाकलेल्या आडव्या पट्ट्यांच्या, मधला रूळ म्हणजे ओढ्यावर टाकलेली फळी. वरून माणूस गेला तर पातळ फळी पुरते, बैल न्यायचा असेल तर जाड लागते. ५ टनांच्या आसाला मीटरमागे १५ किलोचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर मीटरमागे ६० किलोचा रूळ टाकतात. लोखंड चौपट कमी लागलं, म्हणजे खर्च तेवढा वाचला. पूल हलके झाले, भराव अरुंद झाला. बार्शीचा कापूस आणि लातूरचं धान्य वाहायला एवढी लाईन परवडणारी होती. भारी लाईनचा हट्ट धरला असता तर लातूरच्या वाट्याला आणखी कित्येक वर्षं बैलगाडीच आली असती, असं मला वाटतं.

दोन रुळांमधलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर, मोठ्या लाईनचं असतं १६७६. याचा फायदा वळणावर होतो. रेल्वेची दोन्ही चाकं आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळं ती बरोबरीनंच फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. गाडी काटकोनात वळली तर मोठ्या लाईनवर हा फरक २.६ मीटर पडतो, छोट्या लाईनवर फक्त १.२ मीटर. तो भरून कसा निघतो, हे घरी करून बघा. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडा. जोडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचा कप जाड भागावर चालतो, दुसरा बारीक भागावर, आणि जोडी आपोआप मध्ये येते. रेल्वेची चाकं अशीच किंचित निमुळती असतात. वळणावर बाहेरचं चाक जाड भागावर चढतं आणि एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं. भरून काढायचा फरकच कमी, म्हणून छोटी लाईन जास्त आवळ वळणं घेऊ शकते. डोंगर फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालणं तिला जमतं.

चढाचा हिशेब मात्र कुणालाच चुकत नाही. सपाटीवर एक टन ओढायला पाच-सहा किलोची ओढ पुरते. शंभर मीटरला एक मीटर चढ आला की टनामागे आणखी दहा किलो ओढ लागते. बार्शीहून येडशीकडे येताना बालाघाट चढावा लागतो. तिथं ताकदीचं इंजिन हवं, आणि इंजिनची ओढ चाकांवरच्या वजनावर ठरते, कारण वजन कमी पडलं की चाकं जागच्या जागी घसरतात. ५ टनांची मर्यादा तर मोडायची नाही. कॅलथ्रॉपनं तोडगा काढला तो असा: लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्यानं जी पहिली इंजिनं करून घेतली, त्यांना जोर लावणारी आठ चाकं होती. चार आस, प्रत्येकी ५ टन, मिळून २० टन वजन रूळ धरून ठेवायला.

ही इंजिनं कोळसा-पाणी अंगावरच वागवायची, मागं त्यासाठी वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नसायचा. उलटंही तितक्याच सहज धावायची. त्यामुळं लातूरसारख्या शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायला चक्री लागेच असं नव्हतं. बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणून जोडलं की परतीची गाडी तयार. पण अंगावर वागवायचं पाणी तेवढंच मोजकं, म्हणून मध्ये मध्ये थांबून ते भरून घ्यावं लागे. ठेंगणा फलाट, मालधक्का, तिकिटाची खिडकी आणि इंजिनात पाणी सोडायची सोंड, एवढ्यावर स्टेशन चाले. त्यात सोंड सगळ्यांत महत्त्वाची. आमच्या अवर्षणी मुलखात रेल्वे आली ती तहान घेऊनच.

या सगळ्या शहाणपणाला एक मोठं दुखणं होतं. मोठ्या लाईनची गाडी छोटीवर येऊ शकत नव्हती, छोटी मोठीवर जाऊ शकत नव्हती. लातूरच्या आडतीतून निघालेलं तुरीचं पोतं कुर्डुवाडीला उतरवायचं, हमालांनी पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं. एका वाघिणीत १५ टन माल धरला तर क्विंटलाची दीडशे पोती झाली. प्रत्येक पोत्याला दोनदा हात लागणार, सांडलवंड वेगळी, खोळंबा वेगळा.

शेवटी लाईन मोठी झाली. लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, २००७ मध्ये आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. जुनी लाईन धाराशिव शहराला बाजूला ठेवून जायची, नवी शहरात गेली. लातूर शहरातली छोटी लाईन उखडली गेली, तरी 'जुनी रेल्वे लाईन' हा पत्ता दुकानांच्या पाट्यांवर राहिला. हरंगुळला आता रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना उभा आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. आमच्याकडं आठवड्यातून एकदाही नळ येईना, घराघरांत पिंपांना कुलपं लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली, १० टँकर आणि ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० टँकरची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. कृष्णेचं ते पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवून हरंगुळच्या शुद्धीकरण केंद्राकडं नेत होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वाट बहुतेक तीच, बार्शी लाईटची.

त्या दिवसांत एकदा मी मुद्दाम स्टेशनवर गेलो. टँकरच्या अंगावर त्याचं रिकामं वजन रंगवलेलं असतं. ते वाचलं, त्यात ५० हजार लिटरचे ५० टन मिळवले आणि चार आसांनी भागलं. एका आसावर २० टनांच्या आसपास वजन येत होतं. ५ टनांच्या लाईनवर तेच २५ लाख लिटर आणायचं तर दीडशेहून जास्त वाघिणी लागल्या असत्या. पाईप जोडणारा कामगार माझ्या कागदाकडं बघत होता. मग त्यानं चावी फिरवली आणि टँकरखालचा पाईप फुगून ताठ झाला.