कूलरचा नॉब आणि वेबसाइटचं बटण

एप्रिल लागला की आमच्या नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. टाकी घासायची, जाळीत नवी खस भरायची, पंप चालतो का ते बघायचं. यंदा हे करताना माझं लक्ष नॉबवर गेलं. बंद, कमी, मध्यम, जास्त. टक, टक, टक. दोन खुणांच्या मधे तो थांबतच नाही. ‘मध्यमपेक्षा जरासं जास्त’ असं त्याला सांगायची सोयच नाही.

परसोडीच्या आयटी पार्कात मी करते ते काम बरंचसं असे नॉब घडवण्याचंच.

एखाद्या मोठ्या वेबसाइटवर बटणं शेकड्यांनी असतात. दरवेळी नवं लिहीत बसण्यापेक्षा एकच नीट घडवतात आणि सगळीकडे वापरतात. हा झाला कंपोनंट. त्याला करायच्या फर्माइशी, म्हणजे रूप कोणतं, आकार केवढा, दाबल्यावर काय व्हावं, या झाल्या प्रॉप्स.

अडचण जावास्क्रिप्टच्या, म्हणजे वेबसाइट ज्या भाषेत चालतात तिच्या, स्वभावाची. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, आणि ती पहिल्यापासून भलतीच सोशिक. भलती फर्माइश आली तरी हूं की चूं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बटणाच्या ‘प्रायमरी’ या रूपाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकवलं. त्या नावाची रंगसंगतीच नव्हती, म्हणून बटणाला निळी पार्श्वभूमी मिळाली नाही आणि पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं उमटली. बटण जागेवर होतं, दाबलं तर चालतही होतं. फक्त दिसत नव्हतं. ग्राहकाचा फोन दोन दिवसांनी आला.

मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट इथे कामाला येते. ही जावास्क्रिप्टच, पण कुठल्या फर्माइशीत काय चालेल याचे नियम, म्हणजे टाइप, जोडलेली. रूप म्हणजे ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ किंवा ‘डेंजर’, चौथं काही नाही, असं आधीच लिहून ठेवता येतं. मग चुकीचं अक्षर पडताच, प्रोग्राम चालवायच्याही आधी, शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. नॉबला खुणा पडल्या.

माझं आवडतं उदाहरण मात्र ‘डिसेबल्ड’चं. बटण निष्क्रिय करायचं नाही म्हणून कुणी अवतरण चिन्हांत ‘फॉल्स’ (खोटं) लिहितं, आणि बटण निष्क्रिय होऊन बसतं! कारण अवतरणात आलं की ते ‘नाही’ राहत नाही, पाच अक्षरांची चिठ्ठी होते. आणि जावास्क्रिप्टच्या लेखी कोरी नसलेली कुठलीही चिठ्ठी म्हणजे ‘हो’. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते ती वाचतच नाही. या प्रॉपचा टाइप ‘बूलियन’, म्हणजे फक्त खरं किंवा खोटं, असा ठरवला की ही चिठ्ठी दारातच अडते.

फर्माइशी एकमेकींना बांधताही येतात. बटणावर नुसतं कचरापेटीचं चित्र असेल, तर ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला स्क्रीन रीडर काय वाचून दाखवणार? म्हणून ‘अक्षरं नसतील तर नाव द्यावंच लागेल’ अशी अट टाइपमध्येच घालायची. मला वाटतं, टाइपचा खरा उपयोग इथे आहे. स्पेलिंग काय, डोळ्यांनीही सापडतं.

पण हा पहारा फक्त लिहितानाचा. ब्राउझरकडे जाताना सगळे टाइप पुसले जातात, म्हणून सर्व्हरकडून ऐन वेळी भलतंच रूप आलं तर टाइपस्क्रिप्ट तिथे हजर नसते. 2017 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जावास्क्रिप्टमधल्या 400 जाहीर चुका तपासल्या. टाइपमुळे त्यांतल्या 15 टक्के पकडता आल्या असत्या. मला हा आकडा कमी वाटत नाही. त्या चुका आधीच्या तपासणीतून निसटलेल्या होत्या.

आणि काही चुका तर कायदेशीरच असतात. फॉर्ममधल्या बटणाची जात, म्हणजे ते कुठल्या कामाचं, हे सांगितलं नाही, तर एचटीएमएलच्या (वेबपानं लिहायच्या भाषेच्या) नियमानुसार ते ‘सबमिट’, म्हणजे फॉर्म पाठवणारं, ठरतं. आमच्याकडे एकदा ‘पासवर्ड दाखवा’ दाबलं की अर्धवट भरलेला फॉर्म निघून जायचा. टाइपस्क्रिप्ट गप्प, कारण जात न सांगण्याची मुभा आम्हीच दिली होती. ती काढून घेतली आणि जात सक्तीची केली, तशा त्या दुपारी एकदम 43 लाल रेघा उमटल्या. संध्याकाळपर्यंत एकेक करून मिटवल्या.