रंग नवा, मग दारावर संत्र्याची साल कशी?

नुकत्याच रंगवलेल्या गाडीच्या दाराशी वाकून त्यात ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा, कड सरळ दिसली तर रंग सपाट बसलाय, कड थरथरल्यासारखी दिसली तर तो ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल वाळलेला रंग. मग गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रीनं रंगच हलक्या दर्जाचा वापरला, पण बऱ्याचदा तसं नसतंय.

रंग मारायच्या स्प्रे गनमधून रंग बारीक थेंबांनी येतो आणि पत्र्यावर पडला की उंचसखल असतो. ते सपाट करायचं काम पृष्ठताण करतो, रंगाचा दाटपणा त्याला अडवतो, आणि तेवढ्यात थिनर उडत असतो म्हणजे दाटपणा वाढतच जातो, रंग सपाट व्हायच्या आधी हलायचा थांबला की लाटा तशाच वाळतात. याचं गणित 1962 मध्ये ऑर्चर्ड नावाच्या संशोधकांनी मांडलं आणि ते मला फार आवडतं: थर निम्मा झाला तर सपाट व्हायला 8 पट वेळ लागतो, लाटेची लांबी दुप्पट झाली तर 16 पट! म्हणून हवेचं प्रेशर कमी पडून थेंब मोठे पडले, लाटा लांब झाल्या की काम अवघड होतंय. उभ्या दारावर तर जाड थर दिला की रंग ओघळतो, म्हणून पातळ मारावा लागतो आणि साल तिथंच जास्त दिसते.

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणीला एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा तापलेला असतोय, त्यावर फास्ट, म्हणजे पटकन उडणारा थिनर घालून रंग मारला तर तो पसरायच्या आत सुकतो. उन्हाळ्यात स्लो थिनर घ्या, शक्यतो सकाळी मारा, साध्या गनचं अंतर 6 ते 8 इंच ठेवा.

साल आलीच तर 1500-2000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक कागद) आणि नंतर कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारून काढता येते, पण क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचाच, म्हणजे केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंग वाचवणारा थर तोच, तो जास्त घासला तर काही वर्षांत तिथं रंग फिका पडतो, सोलायला लागतो. म्हणून घासायच्या आधी थराची जाडी मीटरनं मोजायला सांगा, लाजू नका.

आणि शोरूममधून आलेल्या गाडीवरही थोडी साल असतेच की. एकच दार रंगवायचं असेल तर ते आरशासारखं करून मागू नका, शेजारच्या पॅनेलवर जेवढी साल आहे तेवढीच ठेवायला सांगा, नाहीतर लांबून बघणाऱ्यालाही कळतंय की हे दार नंतर रंगवलंय.