सेमिनोल लोकांचा इतिहास सरकारी दप्तरात कसा आला

सेमिनोल म्हणजे फ्लोरिडातली नेटिव्ह अमेरिकन जमात, मूळचे बरेचसे क्रीक जमातीचे लोक, 18व्या शतकात खाली सरकत आलेले, आणि त्यांच्या आसऱ्याला गुलामीतून पळालेले काळे लोकही होते, ज्यांना ब्लॅक सेमिनोल म्हणतात. 1821 ला फ्लोरिडा स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं आणि मग कागदांचा सिलसिला सुरू झाला.

पहिला मोठा कागद म्हणजे 1823 चा मोल्ट्री क्रीकचा तह. बाकी जमीन सोडा आणि मध्य फ्लोरिडातल्या राखीव भागात राहा, साधारण असा सौदा. पुढच्याच वर्षी वॉर डिपार्टमेंटमध्ये इंडियन ऑफिस, म्हणजे नेटिव्ह अमेरिकनांचं काम बघणारं कार्यालय उघडलं, म्हणजे जमातीकडे नेमलेल्या सरकारी एजंटची पत्रं जायची ती लष्कराच्याच खात्यात. 1849 ला हे काम सरकारी जमिनी वगैरे बघणाऱ्या इंटीरियर डिपार्टमेंटकडे गेलं. आता ही पत्रं नॅशनल अर्काइव्हजमध्ये रेकॉर्ड ग्रुप 75 मध्ये आहेत, मायक्रोफिल्मवर पण आहेत, आणि त्यात सेमिनोल एजन्सीची पत्रं वेगळी आणि लोकांना पश्चिमेला हलवण्याची वेगळी लावलेली आहेत. हलवणं हे ऑफिसचं रोजचं कामच होतं ते.

खरा घोळ 1832 च्या पेन्स लँडिंग तहाचा. लोकांनी पश्चिमेला जायचं, पण आधी प्रमुखांनी तिकडची जमीन बघून यायची, असं ठरलं. प्रमुख तिकडे गेले, तिथे फोर्ट गिब्सनला 1833 मध्ये त्यांच्या सह्या घेतल्या, नंतर ते म्हणाले की आमच्यावर दबाव होता, आम्ही सगळ्यांच्या वतीने काही कबूल केलंच नव्हतं. बोलणी चालू असतानाची टिपणंच ठेवली गेली नव्हती, त्यामुळे आपल्या हातात नुसता तहाचा मजकूर आणि सह्यांच्या जागी खुणा. सिनेटने तरीही मंजूर केला. 1835 च्या डिसेंबरात एजंट विली थॉम्पसन सेमिनोलांकडून मारला गेला, त्याच दिवशी अमेरिकन लष्कराच्या मेजर डेडची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली, आणि युद्ध 1842 पर्यंत चाललं. सेमिनोलांचा लढवय्या नेता ओसिओला, त्याला 1837 मध्ये पांढऱ्या झेंड्याखाली बोलणीला आलेला असताना पकडलं, हेही लष्कराच्याच पत्रांतून कळतं बरं का.

शेवटी शांततेचा तह झालाच नाही. बहुतेकांना आजच्या ओक्लाहोमात नेलं, अबियाका या नेत्यासारखे काही दलदलीत टिकून राहिले, 1880 च्या सुमारास क्ले मॅककॉली या अभ्यासकाने मोजले तेव्हा फ्लोरिडात 208 जण होते.

ओक्लाहोमात वेगळंच झालं. 1866 च्या तहाने ब्लॅक सेमिनोलांना जमातीत समान हक्क दिले, पण नंतर जमातींची जमीन माणशी वाटायला नेमलेल्या डॉज (Dawes) कमिशनने सदस्यांच्या याद्या करताना लोक 'रक्ताने' आणि 'फ्रीडमन' (गुलामीतून सुटलेले काळे लोक आणि त्यांचे वंशज) अशा दोन रकान्यांत टाकले. माझ्या मते ही यादी कुठल्याही तहापेक्षा जास्त नडली.

कारण 1950 मध्ये जमातीने फ्लोरिडातल्या जमिनीसाठी इंडियन क्लेम्स कमिशन, म्हणजे जमातींचे सरकारवरचे जुने दावे ऐकणारं मंडळ, त्याच्यापुढे दावा लावला, तेव्हा पुरावा म्हणून हेच जुने तह उपयोगी पडले, आणि 1976 ला 1.6 कोटी डॉलर मंजूर झाले. वाटणीचा कायदा 1990 ला आला, साधारण पाऊण हिस्सा ओक्लाहोमाला, पाव फ्लोरिडाला. पण पैसे 1823 च्या सेमिनोलांच्या वारसांचे, आणि फ्रीडमन तर 1866 ला सदस्य झाले, मग त्यांना वाटा कशाला, असा पवित्रा घेतला गेला. ते कोर्टात गेले, पण जमातीवर तिच्या मर्जीशिवाय खटला चालत नाही, म्हणून 2003 मध्ये अपील कोर्टातही त्यांचं काही चाललं नाही.